पार्क ॲव्हेन्यूवरची ती काळी इमारत

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून पार्क ॲव्हेन्यूने उत्तरेला चालू लागलं की डाव्या हाताला ती दिसायची. २७० पार्क ॲव्हेन्यू. ५२ मजले, सुमारे २१६ मीटर उंची, काळं पोलाद आणि त्यावर स्टेनलेस स्टीलच्या उभ्या चकचकीत पट्ट्या. १९६० मध्ये ती बांधून झाली ती युनियन कार्बाइडसाठी. फोनवर आईला सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "भोपाळवाली?" हो, तीच. मात्र १९८४ च्या वायुगळतीच्या वेळी कंपनीचं मुख्यालय कनेटिकटमधल्या डॅनबरीला गेलेलं होतं आणि इथे बँक आली होती.

या इमारतीच्या खाली रेल्वेचे रूळ आहेत. त्यामुळे लिफ्टचे खड्डे जमिनीखाली नेता येईनात. मग लिफ्ट दुसऱ्या मजल्यापासून सुरू केल्या (इथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणजे आपला पहिला मजला) आणि तिथवर सरकते जिने दिले. अडचणीतून काढलेली ही वाट मला फार आवडते.

वास्तुविशारद म्हणून नाव झालं गॉर्डन बनशाफ्ट यांचं. पण या इमारतीचं डिझाइन मुख्यतः नॅटली डी ब्ल्वा यांचं. १९४४ साली कोलंबिया विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतलेली ही बाई त्यांच्याच फर्ममध्ये राबत होती आणि श्रेय वरच्या पुरुषांना जात होतं. त्यांचं काम लोकांना नीट कळू लागलं ते फार उशिरा. २०१३ मध्ये त्या गेल्या.

२०१८ मध्ये मालक असलेल्या जेपीमॉर्गन चेस बँकेने इमारत पाडायचं जाहीर केलं. त्याआधी काहीच वर्षं तिचं पर्यावरणपूरक नूतनीकरण होऊन तिला सर्वोच्च, प्लॅटिनम दर्जा मिळाला होता. हे मला आजही पटत नाही. एवढं पोलाद, एवढी काच, एवढी मेहनत, आणि चांगली चालती इमारत!

खाली रेल्वे आणि भोवती दाट वस्ती, म्हणून सुरुंग लावायचा प्रश्नच नव्हता. जाळीआड एकेक मजला वरून उतरवत नेला. मार्च २०२० मध्ये आमचं ऑफिस बंद झालं. पुढच्या वर्षी परत आले तेव्हा तिथे मोकळं आकाश होतं. मालकाने स्वतःहून पाडलेली ती जगातली तोवरची सर्वांत उंच इमारत ठरली. आता त्या जागी सुमारे ४२३ मीटरचा नवा टॉवर आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी हल्ली ५९व्या रस्त्यापर्यंत चालत जाते. तिथल्या कोपऱ्यावर डी ब्ल्वा बाईंची जुनी पेप्सी-कोला इमारत आहे. ती संरक्षित वास्तू आहे, पाडता येणार नाही. समोरच्या पदपथावर उभी राहून मी तिच्याकडे पाहते आणि डबा खायला परत येते.