गुपितं फुटत नाहीत का?

उद्योगांचं नियोजन शिकवतो म्हटलं की हमखास एक प्रश्न येतो: एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या पुढच्या पंधरा वर्षांचा आराखडा एकत्र बसून करतात, मग गुपितं फुटत नाहीत का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फुटत नाहीत, कारण तिथे कुणी गुपितं आणतच नाही. आणतात त्या अडचणी.

चिप उद्योगाचंच बघा. जपानी स्पर्धेच्या धसक्याने 1987 मध्ये अमेरिकेतल्या 14 कंपन्यांनी सेमाटेक ही संयुक्त संशोधनाची संस्था काढली, निम्मा खर्च सरकारने उचलला. नव्वदच्या दशकात उद्योगाचा सामाईक आराखडा आला आणि दशक संपता संपता युरोप, जपान, कोरिया, तैवानही त्यात आले. आराखडा म्हणजे तक्तेच तक्ते. एकीकडे वर्षं, दुसरीकडे त्या वर्षी काय साधायला हवं त्याचे आकडे. पिवळा चौकोन म्हणजे उपाय माहीत आहे. लाल म्हणजे हे लागणार हे नक्की, पण करायचं कसं ते कुणालाच ठाऊक नाही.

माझ्या मते सगळी गंमत या लाल चौकोनांत होती. यंत्रं आणि रसायनं पुरवणाऱ्यांना कित्येक वर्षं आधी पैसा घालावा लागतो. एका गिऱ्हाइकाच्या शब्दावर एवढी जोखीम कोण घेईल? सगळी गिऱ्हाइकं एकाच वर्षावर बोट ठेवतात तेव्हा मात्र धीर येतो. मग जो तो त्या तारखेच्या मागे लागतो आणि अंदाज बऱ्याचदा त्यामुळेच खरा ठरतो.

भाव, उत्पादन किती काढणार, माल कुणाला विकणार, हे विषय अशा बैठकांत वर्ज्य. अमेरिकेत 1984 च्या कायद्याने संयुक्त संशोधनाला मोकळीक दिली, संगनमताने भाव ठरवायला नाही. म्हणून विषयपत्रिका आधी ठरते आणि वकील शेजारी बसतो. (जेवणाच्या सुट्टीतही हेच पथ्य!)

पुढे अत्याधुनिक चिप बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आणि 2016 मध्ये तो आराखडा थांबला. इतके थोडे गडी असले की तक्ते लागत नाहीत, थेट पैसा ओतता येतो. 2012 मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तिघांनी एएसएमएल या यंत्रं बनवणाऱ्या डच कंपनीत अनुक्रमे 15, 5 आणि 3 टक्के वाटा घेतला, शिवाय संशोधनाला वेगळे पैसे दिले. शेअर मताधिकाराविना होते, आणि त्या संशोधनातून जे निघेल ते बाकीच्या चिप कंपन्यांनाही खुलं राहणार होतं.