पाय लागला

सांगलीत कृत्रिम पाय बसवायचं माझं काम. येणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच, सॉकेट (उरलेला पाय बसतो ती वाटी) घासतंय. तात्यांची वेगळी निघाली. "सर, डाव्या टाचेखाली काय तर टोचतंय बघा."

तात्यांनी मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात उमर घालवलेली. साखरेच्या दुखण्यात नखाची जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. म्हणजे टाच रबराची, जयपूर फूटची. ती टोचणार कशी?

स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बघितला. लाली नाही, फोड नाही. पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये चालवलं, तर टाच टेकताना दरवेळी अंग चोरत होते. "हितं," म्हणत त्यांनी वाकून रबरावर बोट ठेवलं. पाय काढून उलटा केला. बोट ठेवलं होतं तिथंच हरभऱ्याएवढी खडी रुतलेली!

यात चमत्कार काही नाही. खडीचा दाब रबर, पाइप, सॉकेट असा वर चढतो आणि गुडघ्याखालच्या शाबूत कातडीला कळतो. मेंदू मात्र पत्ता लावतो टाचेचा. पेननं लिहिताना कागदाची खरखर आपल्याला टोकाशीच जाणवते की. 1998 साली बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी लोकांचा खरा हात पडद्याआड ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला. थोड्याच वेळात लोकांना स्पर्श रबरी हातावर होतोय असं वाटू लागलं. तात्या तर रोज त्या पायावर उभे राहतात. कपाटामागे पाय ठेवून कुबडीवर फिरणारे कमी नाहीत. त्यांच्याकडून असली तक्रार मी कधी ऐकलेली नाही.

पाय परत चढवताना रबरी अंगठा माझ्या गुडघ्याला लागला. तात्यांनी झटकन गुडघ्याला हात लावून कपाळाला नेला. "पाय लागला, सर."

उजवा पाय तपासणं हा आमचा नेमच. नायलॉनचा एक धागा असतो. तो वाकेपर्यंत टेकवला की 10 ग्रॅमचा जोर पडतो. तात्यांना डोळे मिटायला सांगितलं. अंगठा, चवडा, टाच करत मी शेवटाला आलो, तर म्हणतात, "चालू करा की, सर."

चवड्याखाली काळा ठिपका होता. मोडलेला बाभळीचा काटा, भोवती पू. तात्यांनी पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि काकूंना विचारलं, "ह्यो कवा लागला गं?" उचलताना टाच माझ्या गुडघ्यावर चांगलीच आदळली. या खेपेला हात कपाळाला गेला नाही. लागल्याचं कळलंच नव्हतं.

मधुमेहात सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणून बधिरपणा पावलांपासून सुरू होतो. आमचे फॉर्म मात्र माणूस कातडीपाशी संपतो असं धरून छापलेले. मला विचाराल तर जिथून खबर येते आणि ज्याला माणूस जपतो, तिथवर तो माणूस. अर्थात हेही पुरतं खरं नाही. रबरी पाय रात्री खाटेखाली जातो, आणि उजवा कितीही परका झाला तरी त्यातलं विष तात्यांच्याच रक्तात चढणार.

काकूंना रोज संध्याकाळी तळवा बघायला सांगितलं आणि तात्यांना त्याच दिवशी मिरजेला सर्जनकडे पाठवलं. चिठ्ठीवर संवेदनेच्या रकान्यात लिहिलं, 'उजवा : नाही. डावा : खडी कळते.'

तासाभरात सर्जनचा फोन. "अहो, डावा तर कापलाय ना यांचा?"

"कापलाय. काटा उजव्यात आहे, तेवढा आधी काढा," म्हटलं. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता.