दाढोबाचे डोळे

गेल्या वर्षी रंगवलेल्या दाढोबाच्या टोपीचे पोपडे निघाले, तेव्हा लेकीने त्यातला एक तळहातावर घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "आई, आतून पांढरी पूड लागलीये." मी एवढे दिवस पावसाला दोष देत होते. तिने पोपडा उलटला आणि खरं कारण दिसलं.

दाढोबा म्हणजे आमच्या बागेतला नोम, म्हणजे लोककथांतल्या दाढीवाल्या बुटक्याचा बागेत ठेवायचा पुतळा. टेराकोटाचा, पोकळ, वीतभर उंच, टोकदार टोपी आणि पोटापर्यंत दाढी. ती पूड म्हणजे लोणा. भाजलेली माती सच्छिद्र असते. ओल्या जमिनीवर ठेवलेला टेराकोटा बुडातून पाणी शोषतो आणि पाण्याबरोबर क्षारही वर चढतात. पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जातं, क्षार रंगाच्या थराखाली साचतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. आम्ही बाहेरून वार्निशचे दोन हात दिले होते, बूड मात्र कोरंच ठेवलं होतं. सगळी काळजी घेतली होती, फक्त चुकीच्या बाजूने.

म्हणून यंदा वसंत लागल्या लागल्या सुरुवात बुडापासून केली. आधी सगळे सैल पोपडे काढले. लोणा कोरड्या, ताठ ब्रशने झाडून घेतला. आधी पाणी घातलं तर क्षार विरघळून परत मातीत जातात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. मग साध्या पाण्याने धुऊन दाढोबाला आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर वाळवलं. आठवडा म्हणजे खरंच आठवडा. वरून कोरडी वाटणारी माती आतून ओली असते, आणि तशीच रंगवली की ओल आत कोंडते. वाळल्यावर आतली बाजू आणि बुडाची कड पाण्यावर आधारलेल्या सीलरने, म्हणजे मातीची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाने, दोनदा माखली. तळाचं भोक उघडं ठेवलं, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

तुमच्याकडे कुणाचा जुना, आधीच रंगवलेला नोम आला असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका. आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा नोम असेल तर त्याला घरातच राहू द्या. प्लास्टर पाणी पितं, मऊ पडतं, आणि कितीही वार्निश लावलं तरी एखाद्या बारीक चिरेतून ओल शिरतेच. कितीतरी हौशी मुलांचे नोम पहिल्या पावसात असे विरघळताना पाहिलेत, म्हणून वाईट वाटतं.

हे काम वसंतातच करावं असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. अ‍ॅक्रिलिक रंग नुसता सुकत नाही, त्यातले कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. साधारण 10 अंश सेल्सियसच्या खाली ते नीट जुळत नाहीत. कडक उन्हात उलट होतं, वरचा थर झटकन सुकतो आणि ब्रशचे ओरखडे तसेच राहतात. वसंतातली मऊ हवा दोन्ही टोकं टाळते. शिवाय या दिवसांत वाफे अजून उघडे असतात. नोम कुठे शोभेल ते आत्ताच कळतं, पुढे झाडं वाढली की तो पानांत दडतो.

प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पहिला थर, पांढरा लावला. टोपीच्या लालसाठी लेक घाईला आली होती, पण लाल रंग हट्टी असतो, एका हातात झाकत नाही. त्याच्याखाली आधी फिकट नारिंगी दिला आणि वर लालचे तीन पातळ हात. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर चांगले, कारण जाड थर बाहेरून सुकतो आणि आत ओला राहतो.

रंग सुकेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तिला नोमची गोष्ट सांगितली. 'नोम' हे नाव सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने जमिनीखाली राहणाऱ्या जीवांसाठी वापरलं. जर्मन लोककथांतले बुटके खाणीत काम करणारे, म्हणून कित्येक नोमच्या हातात कुदळ आणि कंदील दिसतात. 1847 च्या सुमारास सर चार्ल्स आयशम यांनी जर्मनीतल्या न्युरेनबर्गहून टेराकोटाचे 21 नोम आणले आणि इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरच्या लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत, कृत्रिम खडकांमध्ये मांडले. त्यातला एकच आज उरलाय. "वीस कुठे गेले?" तिने लगेच विचारलं. बाकीचे काढून टाकले गेले, हा मात्र वाचला, असं सांगितल्यावर ती दाढोबाकडे बराच वेळ बघत बसली.

दुसरी गोष्ट तिला जास्त आवडली. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये, म्हणजे तिथल्या नावाजलेल्या बाग-फुलांच्या प्रदर्शनात, नोम आणायला मनाई असते. 2013 मध्ये, शोच्या शताब्दीला, ती बंदी तेवढ्यापुरती उठवली आणि नामवंतांनी रंगवलेले नोम शाळांतल्या बागकामाच्या उपक्रमासाठी लिलावात ठेवले. "म्हणजे मोठी माणसंपण बसून रंगवत होती," ती म्हणाली आणि ब्रश पुन्हा उचलला.

दाढी पांढरीशुभ्र करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. सपाट पांढऱ्या रंगात मूर्तिकाराने कोरलेल्या बटा हरवतात. आम्ही आधी उबदार करडा रंग सगळीकडे लावला. मग ब्रशला किंचित मलईरंग घेऊन तो कापडावर जवळजवळ पुसून टाकला, आणि कोरडा होत आलेला ब्रश दाढीवरून हलकेच फिरवला. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा गडद राहतात, आणि एकेक बट उठून दिसते. हे लेकीने एकटीने केलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

डोळे सगळ्यात शेवटी ठेवले. चेहरा तिथेच ठरतो, आणि मला त्याची खरी धास्ती वाटते. बुबुळाच्या चहूबाजूंनी पांढरं दिसलं तर नोम दचकलेला वाटतो. बुबुळ वरच्या पापणीला थोडं टेकलं की नजर शांत होते. बुबुळांसाठी ब्रश वापरला नाही, त्याच्या दांड्याचं टोक रंगात बुडवून टेकवलं, त्याने गोल नेमका उमटतो. दातकोरणीने पांढरा ठिपका दिला, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. वेगवेगळ्या बाजूंना दिला तर नजर फुटते.

पण नजर कुठे लावायची? मी समोर म्हणत होते. लेक म्हणाली, "नको आई, खाली. वाफ्याकडे. बी उगवलं की त्याला आधी कळायला पाहिजे." म्हणून दोन्ही बुबुळं डावीकडे, खाली टेकवली. मला हे सुचलं नसतं.

रंग पुरता पिकायला थोडे दिवस दिले, मग मॅट वार्निशचे दोन पातळ हात. चकचकीत वार्निशने दाढी ओली दिसते आणि डोळ्यांतला ठिपका बाकीच्या चकाकीत हरवतो. यंदा दाढोबा मातीवर ठेवला नाही, दोन सपाट दगडांवर, मध्ये फट राखून उभा केलाय. काल पाऊस झाला. आज सकाळी मी टोपीवरून बोट फिरवलं, मग त्याला आडवा करून बूड पाहिलं. कोरडं होतं. परत ठेवताना तो थोडा वाकडा ठेवला गेला, तर लेकीने येऊन त्याला किंचित फिरवला, पुन्हा वाफ्याकडे.