तुम्ही विचारलंत म्हणून: लडाखचे मार्मोट कसे बघायचे?

मार्मोट म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. लडाखला निघालेली मंडळी हमखास विचारतात, "मार्मोट कुठे दिसतील? आणि बिस्किट दाखवलं की जवळ येतात, हे खरं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. हो, येतात, आणि म्हणूनच देऊ नका. हा प्राणी गवत, पाला, मुळं खाऊन चरबी साठवतो आणि तिच्यावर सहा महिन्यांहून जास्त काळ बिळात झोपून काढतो. मैदा-साखरेला चटावलेले मार्मोट रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली सापडतात. शिवाय त्यांच्या पिसवांमधून प्लेग पसरू शकतो. गोंजारणं नको, मेलेल्याला तर हातही नको.

आता कुठे. लेहहून पँगाँग सरोवराकडे जाताना तांगत्से गाव सोडलं की लुकुंग गावाच्या अलीकडे ओलसर गवताळ पट्टा लागतो. लडाखी लोक ज्याला फिया म्हणतात तो हिमालयीन मार्मोट तिथे सहज दिसतो. अडचण वेळेची. उन्हं बिळावर आली की पुढचे दोनेक तास ते चरतात, भर दुपारी आत जातात, चारनंतर पुन्हा बाहेर. लेहहून सकाळी निघालेल्या गाड्या तिथे नेमक्या दुपारी पोहोचतात! त्यापेक्षा तांगत्सेला मुक्काम करा; मात्र त्याआधी उंचीची सवय व्हायला लेहमध्ये दोन दिवस पूर्ण विश्रांती हवीच. पिल्लं बघायची तर जुलै-ऑगस्ट.

वापरातलं बीळ ओळखणं सोपं आहे. तोंडाशी मातीचा ढीग, त्यावर ताजी उकरलेली माती आणि लेंड्या, गवतातून गेलेल्या मळलेल्या वाटा. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर पुढे चला. ढिगावर उभं राहू नका, बीळ ढासळतं.

पन्नासेक मीटरवर खाली बसा आणि बसूनच राहा. सरळ चालत गेलात, किंवा प्राणी आणि बीळ यांच्या मध्ये आलात, की खेळ संपला. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा थरथरते, मग कितीही भारी लेन्स लावा, फोटो धूसरच येतो.

मागच्या पायांवर उभा राहिला म्हणजे तुम्हाला जोखतोय. शेपटी झटकत शिट्ट्या सुरू झाल्या की तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. पण तुम्ही हललाच नाहीत आणि तरी शिटी वाजून सगळे बिळांकडे धावले, तर मान वर करा. सोनेरी गरुड असण्याची शक्यता बरीच.