बंदूक कशाला हवी?

"आयुष्यात कधी ससाही मारला नाहीत, मग तुम्हाला शिकारीची रायफल कशाला हवी?" असे तुम्ही अनेकदा विचारलेत आणि दर वेळी मी विषय बदलला. आज सविस्तर सांगतो.

मला कोणतीही रायफल नको आहे. मला ऑस्ट्रियातील श्टायर येथे बनलेली मान्लिखर-श्योनाउअर हवी आहे आणि तीही १९०३ च्या नमुन्याची: ६.५ मिलिमीटर अंतर्व्यासाची, जेमतेम ४५ सेंटिमीटर नळीची, नळीच्या तोंडापर्यंत अक्रोडाच्या लाकडाने मढवलेली. आल्प्सच्या कड्यांवर चढणाऱ्या शिकाऱ्यांना असे आखूड, हलके हत्यार सोयीचे पडे. याच मापाच्या काडतुसाने डब्ल्यू. डी. एम. बेल या नावाजलेल्या शिकाऱ्यांनी आफ्रिकेत हत्ती मारले, हे तिच्या चाहत्यांकडून हमखास ऐकायला मिळते. मला त्याचे कौतुक वाटत नाही.

माझी उमेदीची वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारे-साचे घडवण्यात गेली, त्यामुळे माझा जीव अडकतो तो मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या भागात. नेहमीच्या रायफलीत काडतुसे एकमेकांवर रचलेली असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर रेटते. ओटो श्योनाउअर यांच्या रचनेत मात्र स्प्रिंगवर फिरणारी एक चकरी असते. पाचही काडतुसे तिच्याभोवती आपापल्या खाचेत बसतात आणि बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) मागे घेतला की पुढचे काडतूस अलगद वर येते. मॅगझिन काढायला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. तळपट्टीच्या छिद्रात काडतुसाचे टोक दाबून पट्टी पाव फेरा फिरवली की ते अख्खे हातात येते. एका परवानाधारक स्नेह्यांनी मला रिकाम्या रायफलीचा बोल्ट चालवू दिला होता. त्याची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी असते. ती दोन बोटांनी मागे नेताना कुठेही खरखर जाणवली नाही आणि हे काम संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीचे आहे!

तिच्यात खोडी आहेतच. मॅगझिन एका ठरावीक लांब, बोथट गोळीच्या मापाने इतके काटेकोर बेतलेले आहे की निराळ्या आकाराची गोळी त्यात अडखळू शकते. शिवाय बोल्टची मूठ बोल्टवरच्या मागच्या धातूच्या पुलातील फटीतून सरकत असल्यामुळे वर दुर्बीण बसवणे जिकिरीचे होते. मला दुर्बीण नकोच आहे.

आता कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीचे कारण पुढे करणे शक्य नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. शस्त्र कायद्यात पुराणवस्तू म्हणून सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही अशाच हत्याराला. म्हणून "निकामी करून घ्या आणि दिवाणखान्यात टांगा" हा तुमचा सल्ला मला पटत नाही. लाकडाला ओरखडे असले तरी चालतील, गोळीला फिरकी देणारे नळीच्या आतले आटे झिजलेले असले तरी चालतील, पण बोल्ट सरकला पाहिजे आणि चकरी फिरली पाहिजे. त्यासाठी परवान्याच्या रांगेत उभे राहावे लागले तरी माझी तयारी आहे.