२५ सप्टेंबरची संध्याकाळ

कॅनडात, ओटावातल्या आमच्या मुलांच्या फ्रेंच शाळेत दरवर्षी २५ सप्टेंबरला झेंडा चढतो. अर्धा हिरवा, त्यावर पांढरी लिली; अर्धा पांढरा, त्यावर ट्रिलियमचं, म्हणजे ऑन्टॅरिओच्या राज्यफुलाचं, हिरवं चित्र. ऑन्टॅरिओ या आमच्या प्रांतातल्या फ्रेंच भाषकांचा हा झेंडा १९७५ साली याच तारखेला सडबरी विद्यापीठात पहिल्यांदा फडकला. माझी दोन्ही मुलं त्या शाळेतून केव्हाच बाहेर पडली, तरी ही संध्याकाळ मी एकदाही चुकवलेली नाही.

स्वागत, मुख्याध्यापिकांचं मनोगत, पाहुण्यांचं भाषण हे सगळं आपल्या स्नेहसंमेलनासारखंच. मी वाट बघायची ती आजींची. जुन्या फ्रेंच वस्तीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या या आजी दरवर्षी एकच गोष्ट सांगायच्या आणि दरवर्षी माझे डोळे भरून यायचे.

१९१२ साली प्रांताच्या सरकारने सतरावा नियम काढला: पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवायचं नाही. मरी रस्त्यावरच्या गिग शाळेतल्या बेआत्रिस आणि दियान देलोज या दोघी बहिणींनी तो मानला नाही. जानेवारी १९१६ मध्ये त्या पुन्हा वर्गावर आल्या, तेव्हा त्यांना कुणी बाहेर काढू नये म्हणून मुलांच्या आया दारात उभ्या राहिल्या. हातात टोपीला लावायच्या लांब पिना, कात्र्या, लाटणी. पोलिस आले तरी त्या हलल्या नाहीत. आजींची आई तेव्हा आठ वर्षांची, आत वर्गात बसलेली. लाटण्याचा उल्लेख आला की मला आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरातलं लाटणं दिसतं. नियमाची धार बोथट व्हायला १९२७ उजाडलं.

मी पुण्यात फ्रेंच शिकले, हौसेनं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला वाटलं, आपलं मराठी मंडळ तसं हे यांचं मंडळ. सरकारचं बहुसांस्कृतिक धोरण १९७१ सालचं. प्रत्येकाला आपला सण, आपला पोशाख, आपला पदार्थ. आजींनी पहिल्याच भाषणात माझी ती समजूत मोडली. त्यांना जत्रेतला एक गाळा नको होता. शाळा हवी होती, दवाखाना हवा होता, न्यायालयात आपल्या भाषेत बोलायचं होतं, आणि तेही पाहुणे म्हणून नव्हे, घर बांधणाऱ्यांपैकी एक म्हणून. ओटावातलं फ्रेंच भाषेतून चालणारं मोंफोर रुग्णालय बंद करायचं ठरलं तेव्हा, २२ मार्च १९९७ ला, ते वाचवण्याच्या चळवळीच्या पुढारी जिझेल लालोंद यांच्या हाकेला सुमारे १०,००० माणसं जमली होती. आजी त्यांत होत्या. २००१ साली अपील न्यायालयाने रुग्णालय वाचवलं. पण २००६ मध्ये संसदेने क्वेबेक या शेजारच्या फ्रेंचबहुल प्रांताच्या लोकांना राष्ट्र म्हटलं, तेव्हा आजींना आनंदापेक्षा वाईटच जास्त वाटलं होतं. क्वेबेकबाहेरचे आम्ही मग कोण, असं त्या विचारायच्या, आणि सभागृह गप्प व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. त्या वर्षी सहावीतली एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील काँगोतल्या किन्शासाहून आलेले. तिने पिनांची गोष्ट सांगितली आणि दारात उभ्या राहिलेल्या बायकांना सहज ‘आमच्या आज्या’ म्हणाली. माझ्या शेजारी बसलेल्या, आजींच्याच वस्तीतल्या एका गृहस्थांनी रुमाल काढला.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलांना दारात सोडून हॉकीच्या सरावाला पळणारे पालक मला खटकतात. पालकांपैकी एकाची मातृभाषा फ्रेंच असेल तर इथे राज्यघटनेतल्या १९८२ च्या हक्कपत्राच्या २३व्या कलमाने मुलाला हक्काने प्रवेश मिळतो. आमच्यासारख्यांना प्रवेश समितीपुढे बसावं लागलं. ज्यांना हक्काने मिळालं त्यांच्याच खुर्च्या रिकाम्या बघून जीव तुटतो. आणि आमच्या मराठी मंडळातली माणसं? गणपतीला मी दरवर्षी मोदक वळते. इतक्या वर्षांत त्यांतलं एकही कुटुंब या संध्याकाळी आलं नाही. घरी इंग्रजीतून उत्तर देणाऱ्या मुलांबद्दल आपण सगळेच हळहळतो, म्हणून तरी यावं.

आता ज्यांच्यामुळे ही संध्याकाळ होते ते. वाटाण्याचं सूप करणाऱ्या दोघी बहिणी. माझ्यासाठी त्या न चुकता हॅम न घातलेलं छोटं पातेलं वेगळं ठेवतात. हैतीचे बसचालक, जे शेवटचं मूल घरी पोचेपर्यंत थांबतात. ध्वनिक्षेपक सांभाळणारे बेरूतचे काका. खुर्च्या मांडणारी दहावीची मुलं. झेंड्याची फाटलेली कड शिवून देणाऱ्या शेजारच्या बाई. फरशी पुसणारे रखवालदार, ज्यांचे आभार गेल्या वर्षी मंचावरून मानायचे राहिले. आणि ग्रंथालयातल्या बाई: त्यांच्या पणजीची टोपीची पिन त्या कापसात ठेवून डबीतून आणतात. डबी रांगेरांगेने फिरते, पहिलीतली मुलं बोट लावून बघतात, आणि कार्यक्रम संपला की बाई ती उघडून आत पिन आहे ना ते पाहतात.