डोळे मजुरीत

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, म्हणजे २७ फेब्रुवारीला, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका वाचनालयाने शालेय विद्यार्थ्यांसाठी कल्पनारम्य कथांची स्पर्धा घेतली होती आणि तिच्या तीन परीक्षकांपैकी एक मी होते. मी कथाकार नाही. समावेशित शिक्षणाची कंत्राटी विशेष शिक्षिका आहे; गावोगावच्या शाळांतील अपंग मुलांना शिकवणे, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे जाऊन शिकवणे, आणि बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही असे तिसरे काम म्हणजे पालकांना प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचे खाते यांच्यावरील नावांचा मेळ घालून देणे, यात माझा आठवडा संपतो. मला परीक्षक नेमण्याचे खरे कारण एवढेच होते की एक कथा ब्रेलमध्ये आली होती आणि ती वाचू शकणारे दुसरे कोणी आयोजकांना ठाऊक नव्हते.

गठ्ठा हाती आल्यावर मी आधी बाकीच्या कथा वाचल्या. अपंग पात्र असलेल्या कथा अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाल्या आणि त्यांतील पात्रांना ठरलेलीच कामे होती. चेटकीण एका डोळ्याने आंधळी किंवा कुबडी असायची, म्हणजे ती दुष्ट आहे हे वेगळे सांगावे लागत नसे. आंधळा म्हातारा वाटेवर बसलेला असायचा, कारण नायकाच्या मनात दया आहे की नाही याची परीक्षा घ्यायला कोणीतरी हवे असते. आणि लंगडा मुलगा शेवटच्या परिच्छेदात धावू लागायचा. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या अभ्यासकांनी २००० साली मांडले की कथा अपंगत्वाचा उपयोग कुबडीसारखा करते, तिच्या आधाराने चालते आणि काम झाले की ती बाजूला टाकते. नववीच्या मुलांनी त्यांचे काही वाचलेले नव्हते, तरी त्यांच्या वह्यांत तेच होते.

कथेला हजार शब्दांची मर्यादा होती, आणि ही मर्यादाच अपंग पात्राच्या मुळावर येते, असे माझे मत होत चालले आहे. कादंबरीत लंगड्या माणसाला थकायला, चिडायला, कोणाशी वैर धरायला जागा मिळते. हजार शब्दांत लेखकाला शेवटी एक कलाटणी हवी असते आणि आंधळ्याला डोळे देणे ही सर्वांत स्वस्त कलाटणी आहे. एका कथेत ढगांवरच्या महालाला हजार पायऱ्या होत्या आणि कुबड्या घेतलेला धाकटा राजपुत्र खालीच राहून गेला होता. तहसील कचेरीला पायऱ्याच आहेत, त्याला लेखक काय करणार, असे वास्तववादी कथेत म्हणता येते. पण ढगांवरचा महाल लेखकानेच बांधलेला असतो, त्याच्या पायऱ्याही त्यानेच मोजून घातलेल्या असतात, आणि त्याच कथेत घोडे उडत असताना राजपुत्राला उचलून न्यायचे कोणाच्या मनात आले नाही, ही मला कल्पनाशक्तीची उणीव वाटते, मग तिला बाकी कितीही गुण मिळोत.

आणखी एक गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. कथांत मात्र आंधळा, लंगडा आणि मुका, एवढेच. नव्या यादीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि विदर्भातील शाळांत ती मुले त्याच बाकांवर बसलेली असतात. थंडी पडली, पाणी कमी प्यायले, फार धावपळ झाली की त्यांचे सांधे आणि हाडे असह्य दुखतात. राक्षसाशी लढायला निघालेला आणि पहाटेच्या गारठ्याला राक्षसापेक्षा जास्त घाबरणारा नायक कोणी लिहिला नव्हता. जे अपंगत्व दिसत नाही, ते जादूने बरे झालेलेही दिसत नाही, म्हणून बहुधा ते कथेच्या उपयोगाचे नसते.

आता ती ब्रेलमधील कथा. लिहिणारी मुलगी जन्मांध आहे, नववीत आहे, गावातल्याच शाळेत शिकते आणि तिचे वडील बाजार समितीत हमाल आहेत. पाटी आणि टोच्याने ब्रेल लिहिणे म्हणजे काय, हे इथे जरा सविस्तर सांगते, कारण परीक्षकांच्या बैठकीत मला ते सांगू दिले गेले नाही. कागद जाड असतो. सहा टिंबांच्या घरात मागच्या बाजूने टोचायचे असते, त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते, प्रत्येक अक्षर उलटे टोचावे लागते, आणि कागद काढून पालटल्यावर ते डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येते. म्हणजे ओळ टोचत असताना ती बोटांनी वाचता येत नाही. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारती ब्रेलमध्ये स्वर नेहमी व्यंजनाच्या नंतर येतो, ऱ्हस्व वेलांटीसुद्धा. जोडाक्षराची खूण मात्र अक्षरांच्या आधी द्यावी लागते, त्यामुळे पुढे काय येणार ते आधीच मनात तयार असावे लागते. चुकले तर खोडता येत नाही, टिंब दाबून सपाट करावे लागते आणि त्याचा खडबडीतपणा राहतोच. हजार शब्दांना आठ-दहा जाड कागद लागतात. असे लिहिणारी मुलगी वाक्य पूर्ण जुळल्याशिवाय टोच्या उचलत नाही, आणि तिच्या कथेत एकही वाक्य सैल नव्हते, याचा संबंध मी या कष्टाशी लावते. लिप्यंतर करताना मी एक स्वल्पविरामही आपल्या पदरचा घातला नाही.

कथा अशी होती. अमावास्येला नदीच्या पात्रात आवाजांचा बाजार भरतो. लोक गाड्यांतून आवाज आणतात, विहिरीत बादली आपटल्याचा, पोळ्याच्या घुंगरांचा, मेलेल्या आजीच्या खोकल्याचा, आणि तिथे ते मापून विकतात. मापारीण आंधळी मुलगी आहे. ती कानाशी धरून आवाजाचे वजन सांगते, त्यात काय मिसळले आहे ते सांगते, आणि ओल्या कापसाप्रमाणे पाणी मारलेला आवाज तिच्या हातून सुटत नाही. एक अडत्या तिला फितवू पाहतो, ती त्याचा माल परत पाठवते. पहाटे बाजाराचा मालक मजुरीला काय हवे ते विचारतो. ती डोळे मागते. तो देतो. पुढच्या अमावास्येला ती पुन्हा मापायला बसते आणि मापताना डोळे मिटून घेते. कथा संपते.

सकाळी वाचनालयात आम्ही तिघे गुण जुळवायला बसलो. दुसरे परीक्षक कविता करणारे मराठीचे शिक्षक, तिसरे निवृत्त मुख्याध्यापक. कवी म्हणाले की भाषा उत्तम आहे, पण डोळे मिळाल्यावर तिला काय दिसले याचे एकही वर्णन नाही, प्रकाश नाही, रंग नाही, ही कथेची मोठी हानी आहे. जिने प्रकाश कधी पाहिला नाही, तिने त्याचे वर्णन पाठ्यपुस्तकातून उतरवून काढायचे होते काय, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्र ऋषीचे नाव काढले: महाभारतातही वडिलांच्या सांगण्यावरून तो समंगा नदीत उतरतो आणि त्याचे अंग सरळ होते, म्हणजे बरे होण्याचा शेवट आपल्या परंपरेतलाच आहे. मी म्हटले, जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला त्याने हरवले ते आठही वाकांनिशी. नदी नंतर आली, आणि ती आली नसती तरी वाद जिंकलेलाच होता.

मुख्याध्यापकांना संदेश हवा होता. गुणपत्रकावर ‘संदेश’ नावाचा रकानाच होता, वीस गुणांचा, आणि या रकान्याने आमच्या तालुक्यातील मुलांच्या लेखनाचे जेवढे वाटोळे केले आहे तेवढे भ्रमणध्वनीनेही केले नसेल. त्यांनी गुलाबराव महाराजांचा दाखला दिला. अमरावती जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले आणि १९१५ पर्यंतच्या आयुष्यात ग्रंथांमागून ग्रंथ सांगणारे महाराज प्रज्ञाचक्षू होते. या मापारणीलाही तशी अंतर्दृष्टी दाखवली असती तर कथा उंचीवर गेली असती, असे त्यांचे म्हणणे. महाराजांच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. परंतु आंधळ्या मुलीला एक तर डोळे द्या नाही तर दिव्यदृष्टी द्या, नुसती चोख मापणारी राहू देऊ नका, हा आग्रह मला समजत नाही.

गंमत अशी की माझाही आक्षेप शेवटावरच होता. तिने डोळे मागायला नको होते, असे मला वाटत होते. ज्या शेवटासाठी मी इतर कथांचे गुण कापले होते, तोच शेवट ही मुलगी स्वतः लिहीत होती. तिघांना तीन निरनिराळ्या कारणांनी तिचा शेवट बदलायचा होता. तरीही बेरजेत कथा दुसरी आली. त्यावर, तिची इतरांशी तुलना नको, तिला वेगळा विशेष पुरस्कार देऊ, अशी सूचना आली. ही सूचना करणाऱ्यांचा चेहरा नेहमी प्रेमळ असतो. मी नाही म्हटले, बेरीज पुढे सरकवली आणि सह्या मागितल्या. दुसरा क्रमांक कायम राहिला.

दुपारी कार्यक्रम झाला. ‘मूकं करोति वाचालं, पङ्गुं लङ्घयते गिरिम्’ या नेहमीच्या श्लोकाने सुरुवात झाली, म्हणजे मुक्याला वाचा आणि पांगळ्याला डोंगर आरंभीच मिळून गेले. विजेत्या कथा निवेदकाने वाचल्या. आवाज चांगला होता. मापारणीने डोळे मिटले तिथे तो थांबला नाही. त्याने आपल्याकडून जोडले, ‘आणि तिच्यासमोर सप्तरंगी जग उमलले.’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मॅडम, हे आखरीचं मी नाही लिवलं.” मी म्हटले, मला माहीत आहे. थोड्या वेळाने तिने विचारले, “टाया त्याच वाक्याले पडल्या ना?” मी हो म्हटले.

परत जाताना मी तिला विचारलेच की मापारणीने डोळे का मागितले. तिचे काम तर डोळ्यांवाचून चालत होते. तिला प्रश्नच विचित्र वाटला. “मजुरी होती ते. रातभर मापलं तिनं. मालक म्हने काय पायजे, तं तिनं जे सगळ्यात महाग असंल ते मांगलं. मजुरी कोन सोडते?” मग मापताना डोळे का मिटायचे? “आवाज मापाले डोये कायले लागते, मॅडम?”

या उत्तराने माझा आक्षेप पुरता मिटलेला नाही. डोळे महाग आहेत हे तिला कोणी शिकवले, हा प्रश्न मला पडतोच, आणि त्याचे उत्तर त्या गठ्ठ्यातील इतर कथांत आहे असेही वाटते. पण गठ्ठ्यातील लंगड्या मुलांना पाय मिळाले होते ते कोणाच्या तरी कृपेने, आणि पाय मिळताच त्यांची कथा संपली होती. हिच्या मापारणीने हिशेबाने घेतले, आणि घेऊन कामावर परत आली. कृपा आणि मजुरी यांतील हा फरक मी ज्या चष्म्यातून कथा वाचत होते त्यात मला दिसला नव्हता, आणि पुढच्या वेळी अशी कथा आली तर गुण कसे द्यायचे, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

वाचनालय या कथा वार्षिक अंकात छापणार आहे. निवेदकाचे वाक्य ‘लोकांना आवडले’ म्हणून ठेवावे, असा निरोप मला आला. मी मूळ ब्रेलचे कागद, माझे लिप्यंतर आणि संदेशाचा रकाना काढून टाकण्याची लेखी विनंती असे सारे सचिवांकडे दिले आहे. ते ‘बघू’ म्हणाले आहेत. मुलीनेही एक दुरुस्ती कळवली आहे. रात्रीच्या कामाचा दर दिवसापेक्षा जास्त असतो, असे वडिलांकडून तिला कळले आहे, त्यामुळे मापारणीला डोळ्यांखेरीज बाजारातला एक आवाजही मिळायला हवा. कोणता, ते ती ठरवते आहे; तोपर्यंत छापू नये, असे मी सचिवांना कळवले आहे.